रोग दुर्मिळ, अनास्था मात्र नित्याची

साथीच्या रोगांचे एक बरे असते. ते येतात ते गाजावाजा करीत येतात. पटकी, प्लेग, देवी किंवा अगदी अलीकडचा कोविड यांनी शासनाला जागे केले, कायदे करावयास लावले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. दुर्मिळ रोगाच्या वाट्याला हा मान कधी येत नाही. तो इस्पितळातल्या एखाद्या खाटेवर गुपचूप येतो, आपले काम करतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्याच एखाद्या आजाराचे नाव ठेवून निघून जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या आरोग्यास घातक अशा १९ बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली आणि त्यांतील चार बुरशींना सर्वांत निकडीच्या गटात स्थान दिले. त्या चारांपैकी एक आहे ‘कॅन्डिडा ऑरिस’ नावाची यीस्ट. या यादीची आपल्याकडे जेवढी चर्चा व्हावयास हवी होती, तेवढी झाली नाही.

माळशिरस तालुक्यातल्या शिक्षकाने, कचेरीतल्या कारकुनाने अथवा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने असल्या अनोळखी जंतूची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ही यीस्ट गावात राहत नाही हे खरे. पण ती जिथे राहते तिथे गावातली माणसे जातात. माळशिरस, नातेपुते, वेळापूर, अकलूज येथला गंभीर रुग्ण शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या सोलापूरला किंवा त्याहून दूरच्या पुण्याला हलविला जातो आणि अतिदक्षता विभागात दाखल होतो. त्या विभागाचे दार उघडले की हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. तो घरच्या जमाखर्चाचा आणि शासनाच्या प्राधान्यक्रमाचा होतो.

घर फिरले की वासे फिरतात

यीस्ट हा शब्द ऊस आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात अपरिचित नाही. मळीचे मद्यार्कात रूपांतर करणारी, पाव फुगविणारी ती हीच एकपेशीय बुरशी. यीस्टच्या शेकडो जातींपैकी बहुतेक माणसाच्या मित्र किंवा निदान निरुपद्रवी शेजारी आहेत. कॅन्डिडा कुळातील काही जाती तर निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात व त्वचेवर नांदत असतात आणि जन्मभर कोणाच्या अध्यातमध्यात पडत नाहीत. मात्र शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली, की घर फिरल्यावर वासेही फिरावेत तशा त्या उलटतात. अशा संसर्गाला वैद्यक संधिसाधू संसर्ग म्हणते. निरोगी माणसाशी झुंजण्याचे बळ या जंतूत नसते. तो दुसऱ्या रोगाने, शस्त्रक्रियेने किंवा खुद्द उपचारांनी पाडलेल्या भगदाडातून आत शिरतो.

कॅन्डिडा ऑरिसचे नामकरण २००९ साली जपानमध्ये झाले. टोकिओतील एका सत्तर वर्षांच्या वृद्धेच्या कानातील स्रावात ती आढळली, म्हणून लॅटिन भाषेतील कानावरून ‘ऑरिस’ हे नाव. पुढे जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा दक्षिण कोरियात १९९६ साली साठविलेल्या एका नमुन्यातही ती सापडली. भारतात दिल्लीतील दोन इस्पितळांत २००९ ते २०११ या काळात १२ रुग्णांच्या रक्तात ती मिळाल्याचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. आश्चर्याची गोष्ट अशी, की दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या एकमेकांपासून दूरच्या प्रदेशांत तिचे चार निरनिराळे वंश जवळजवळ एकाच सुमारास प्रकट झाले. पुढे आणखी वंश मिळाले. ती एका देशातून विमानाने जगभर गेली एवढेच म्हणून हे कोडे सुटत नाही. वाढत्या उष्णतेत जगण्यास सरावलेली बुरशी माणसाच्या उबदार शरीरातही तग धरू लागली, असा एक तर्क शास्त्रज्ञांनी मांडला आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही. तथापि ही यीस्ट ४२ अंश सेल्सियसपर्यंतचे तापमान सोसते आणि २०२१ साली अंदमानच्या किनाऱ्यावरील खारजमिनीत व वाळूत ती सापडली, या दोन गोष्टी त्या तर्काला पूरक आहेत.

लक्षण नसलेला रोग

या रोगाचे सर्वांत त्रासदायक वैशिष्ट्य म्हणजे त्याला स्वतःचे असे लक्षण नाही. अतिदक्षता विभागात दहा-बारा दिवस काढलेला रुग्ण. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी, लघवीसाठी दुसरी नळी, कधी श्वासासाठी यंत्र. एकामागून एक भारी प्रतिजैविके चालू आहेत आणि तरीही ताप हटत नाही. रक्तदाब खाली येतो, मूत्रपिंड काम कमी करू लागते, शुद्ध हरपते. जिवाणूंच्या विषबाधेतही नेमके हेच होते. म्हणून प्रतिजैविक बदलले जाते, आणखी जोरकस दिले जाते आणि यीस्टला मैदान अधिकच मोकळे मिळते. कारण प्रतिजैविके जिवाणूंना मारतात, बुरशीला नाही. रक्तातून ही यीस्ट डोळ्याच्या आत, हृदयाच्या झडपांवर, हाडांत व मेंदूच्या आवरणातही जाऊ शकते. अपुऱ्या दिवसांच्या बालकात तर दूध ओढेनासे होणे, श्वास मध्येच थांबणे एवढीच काय ती खूण.

धोका कोणाला, हेही स्पष्ट आहे. मधुमेही, मूत्रपिंडाच्या विकाराने डायलिसिसवर असलेले, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलेले, कमी वजनाची बालके आणि अतिदक्षता विभागात ज्यांचा मुक्काम लांबला असे सर्व. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे रोग दुर्मिळ असला, तरी त्याला बळी पडू शकणारा माणूस दुर्मिळ नाही. तो घरोघरी आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या यीस्टमुळे शेजाऱ्याने शेजाऱ्याला भिण्याचे काही कारण नाही. रुग्णाला भेटून आलेल्या निरोगी नातेवाइकाला ती सहसा आजारी पाडीत नाही. मात्र ती काखेत, जांघेत, त्वचेवर काही त्रास न देता महिनोन् महिने राहू शकते आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागावर दोन आठवड्यांपर्यंत जिवंत राहते. इतर बहुतेक कॅन्डिडा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून येतात. ही मात्र एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे हातांवरून, चादरीवरून, यंत्राच्या बटणांवरून प्रवास करते. हा तिचा खरा वेगळेपणा आहे आणि तिच्यावर मात करण्याची किल्लीही त्यातच आहे.

मोजले नाही म्हणून दुर्मिळ

रोग दुर्मिळ आहे असे म्हणणे म्हणजे नेमके काय म्हणणे? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, की नोंदलेली बेकारी आणि असलेली बेकारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी कार्यालय ज्या तालुक्यात नाही तिथली बेकारी कागदावर शून्य असते. रोगाचेही तसेच आहे. देशातील २७ अतिदक्षता विभागांत एप्रिल २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कॅन्डिडाने रक्तात प्रवेश केल्याच्या १,४०० घटना मिळाल्या. दाखल झालेल्या दर हजार रुग्णांमागे साडेसहा. त्यांतील ७४ म्हणजे सुमारे ५ टक्के घटना ऑरिसच्या होत्या आणि २७ पैकी १९ विभागांत ती पोहोचलेली होती. नामकरणानंतर अवघ्या तीन वर्षांत ही स्थिती. एप्रिल ते जुलै २०२० मध्ये दिल्लीतील कोविडच्या अतिदक्षता विभागातील ५९६ रुग्णांच्या पाहणीत १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली. त्यांपैकी १० जणांमध्ये ती ऑरिस होती आणि त्या दहांतील सहा दगावले.

अमेरिकेत २०१९ साली या रोगाचे ४७६ रुग्ण नोंदले गेले आणि २०२१ साली १,४७१. तिथे हे आकडे वर्षावर्षाला सांगता येतात, कारण २०१८ पासून या रोगाची राष्ट्रीय पातळीवर नोंद होते. आपल्याकडील माहिती प्रामुख्याने मोठ्या शिक्षण-रुग्णालयांच्या अभ्यासांतून येते. जिल्ह्याच्या ठिकाणी व तालुक्याला काय घडते, ते या अभ्यासांच्या कक्षेबाहेरच राहते.

निदानासाठी रक्ताची जीवाणूसंवर्धन चाचणी, म्हणजे रक्त विशिष्ट बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का हे पाहणे, ही पहिली पायरी आहे. तिचा निकाल यावयास दोन-तीन दिवस लागतात आणि शरीरात खोलवर कॅन्डिडा असलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत ती चाचणी जंतू दाखवीतच नाही. यीस्ट वाढली तरी ती कोणती, हे ओळखणे आणखी अवघड. ऑरिसला ‘कॅन्डिडा हेम्युलोनाय’ या तिच्या चुलत बहिणीचे नाव नेहमीच्या यंत्रांनी वर्षानुवर्षे दिले. नाव चुकले की औषध चुकते. जगभर वापरले जाणारे स्वस्त औषध म्हणजे फ्लुकोनॅझोल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला येथील ५४ रुग्णांच्या नमुन्यांपैकी ९३ टक्के नमुने या औषधाला दाद देत नव्हते. ३५ टक्के ॲम्फोटेरिसिन-बीला आणि ७ टक्के एकायनोकॅन्डिन गटातील औषधांना. बुरशीविरुद्ध वैद्यकाच्या भात्यात मुख्य बाण मुळात हे तीनच. बुरशीची पेशी माणसाच्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असल्याने एकीला मारावे आणि दुसरीला इजा होऊ नये, असे औषध शोधणे कठीण असते.

एका कुटुंबाचा हिशेब

आता हे सारे एका घरात आणून पाहावे. समजा, नीरेच्या कालव्यावर तीन एकर ऊस असलेला, पंचावन्न वर्षांचा मधुमेही शेतकरी. आतड्याला छिद्र पडून तातडीची शस्त्रक्रिया झाली, प्रकृती बिघडली, मोठ्या शहरात हलविले. पहिल्या आठवड्यात घरातली शिल्लक संपते, दुसऱ्यात सोने सोनाराकडे जाते, तिसऱ्यात भावकीकडे हात पसरले जातात. नेमक्या याच टप्प्यावर, मुक्काम लांबल्यामुळे, यीस्टची पाळी येते. तिच्यावर चालणारे एकायनोकॅन्डिन गटाचे औषध दररोज शिरेतून द्यावे लागते आणि रक्त जंतुमुक्त झाल्याचे दिसल्यानंतरही दोन आठवडे चालू ठेवावे लागते. त्यात अतिदक्षता विभागाचे रोजचे भाडे. बुडत्याचा पाय खोलात जावा, तसा हा हिशेब आहे. ज्या संसर्गाने हा खर्च वाढविला तो रुग्णाने घरून आणलेला नाही. तो त्याला इस्पितळाच्या वास्तव्यात मिळाला. बिल मात्र त्याच्याच नावावर फाडले जाते.

देशाच्या आरोग्यखर्चाचा २०२१-२२ चा शासकीय हिशेब सांगतो, की एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांनी थेट खिशातून उचलला. २०१३-१४ साली हाच वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. परंतु सरासरी ही मोठी फसवी गोष्ट असते. ज्याच्यावर प्रसंग येतो त्याच्या बाबतीत टक्केवारीला अर्थ उरत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला, तो स्वागतार्ह आहे. पण अशा योजनांची रचना ठरावीक आजार आणि ठरावीक उपचार यांच्या यादीवर उभी असते. इस्पितळात मिळालेला संसर्ग हा मूळ आजारावर चढलेला दुसरा आजार. त्याचा स्वतंत्र, निःसंदिग्ध विचार योजनेत झाला पाहिजे.

२०२१ चा धडा

बुरशीचा रोग सामान्य माणसाच्या दारात कसा येतो, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस आला. ती बुरशी यीस्ट नव्हे, तंतुमय आहे. पण तिची चाल तीच, संधिसाधूची. मधुमेह, स्टेरॉइडचा बेसुमार वापर आणि कोविड यांच्या संगमावर तिने डोळे, जबडे आणि प्राण नेले. मे महिन्यात केंद्राने हा रोग साथरोग कायद्याखाली नोंद सक्तीचा करण्यास राज्यांना सांगितले. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे नऊ हजारांवर, महाराष्ट्रातले होते. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरोशहरी वणवण फिरले. वर्ध्यातील एका कारखान्याने तातडीने उत्पादन सुरू केले, जून महिन्यात या औषधावरील वस्तू व सेवा कर काही काळापुरता शून्यावर आणला गेला. हे सर्व योग्यच झाले. पण आग लागल्यावर खणलेली ती विहीर होती.

या संदर्भात एक जुनी आठवण उगाळण्याजोगी आहे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधांचा कारखाना स्थापन झाला. त्याच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध घेत ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी औषध शोधले. १९६१ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नावच मुळी पिंपरीवरून ठेवलेले आहे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत, परकीय चलनाची चणचण असताना, या राज्यात बुरशीविरुद्ध स्वतःचे औषध शोधले गेले. पुढे तो कारखाना आर्थिकदृष्ट्या आजारी पडला आणि ती परंपरा क्षीण झाली. बुरशीचे रोगी थोडे आणि त्यातले पुष्कळसे गरीब. अशा बाजारपेठेत खाजगी भांडवल आपणहून फारसे येत नाही, हा बाजाराचा दोष नसून त्याचा स्वभाव आहे. जिथे बाजाराचा स्वभाव आडवा येतो तिथे सार्वजनिक गुंतवणूक लागते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात शिकविली जाते आणि अंदाजपत्रकात विसरली जाते.

हात, पारा आणि टीसीएल

हा रोग रोखण्याचे सर्वांत परिणामकारक उपाय महागडे नाहीत. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या काळात ‘पिचिया अनोमाला’ नावाच्या आणखी एका दुर्मिळ यीस्टने ३७९ बालकांना गाठले. शोध घेता ती कर्मचाऱ्यांच्या हातांवर मिळाली. हात धुण्याची शिकवण मोहीम म्हणून राबविली गेली, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना प्रतिबंधक औषध दिले गेले, तेव्हाच ती आटोक्यात आली. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या नामांकित इस्पितळात २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांवर, त्यांतील बहुतेक मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागातील, ऑरिस आढळली. मूळ सापडले ते काखेत लावून ताप मोजणाऱ्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या उपकरणात. ती उपकरणे काढून टाकली आणि नवे रुग्ण झपाट्याने घटले. जगातील एका संपन्न देशाच्या विद्यानगरीत जे घडले, ते सोलापूर जिल्ह्यात घडणार नाही असे मानण्यास आधार नाही. आणि जो उपाय तिथे लागू पडला तो इथे लागू पडणार नाही, असे मानण्यासही नाही.

आणखी एक बाब. इस्पितळांत फरशी पुसण्यासाठी वापरली जाणारी काही सुवासिक जंतुनाशके या यीस्टपुढे निष्प्रभ ठरतात. क्लोरीनयुक्त द्रावण मात्र तिला मारते. आषाढीच्या सुमारास पालख्या नातेपुते, माळशिरस, वेळापूर आणि अकलूज या मार्गांनी जातात, तेव्हा पाण्यात टाकण्याच्या ज्या टीसीएल पावडरीचे नाव ग्रामपंचायतीच्या शिपायालाही पाठ असते, त्याच क्लोरीनच्या कुळातले हे द्रव्य. पटकीला वारीच्या वाटेवरून हटविणाऱ्या क्लोरीनला अतिदक्षता विभागात मानाचे स्थान मिळावे, यात खर्चाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो शिस्तीचा.

शिस्तीची हीच उणीव औषधांच्या वापरात दिसते. साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविक, अंगदुखीला स्टेरॉइड, गजकर्णाला दुकानदाराने दिलेले स्टेरॉइडमिश्रित मलम, ही आपल्याकडची रोजची रीत झाली आहे. काही जोरकस प्रतिजैविकांसाठी २०१३ साली औषध नियमांत ‘एच-१’ ही अनुसूची आली आणि विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. ती नोंदवही किती ठिकाणी तपासली जाते? शेतातही विचार करावा लागेल. डाळिंब आणि द्राक्षांवर फवारली जाणारी अनेक बुरशीनाशके फ्लुकोनॅझोलच्याच रासायनिक घराण्यातली आहेत. दिल्लीच्या संशोधकांनी २०२२ साली साठवणीतल्या काही सफरचंदांवर ऑरिस आढळल्याचे प्रसिद्ध केले. यावरून शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. फवारणी आणि इस्पितळातील हा रोग यांचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. परंतु सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, वैद्यकीय महाविद्यालयही आहे. या दोन संस्थांनी एकत्र बसून हा प्रश्न अभ्यासावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. ज्या ग्रामीण भागात वेळेवर डॉक्टर मिळण्याची मारामार, सर्पदंशावरच्या लसीची चिंता, तिथे हजारांत साडेसहांना होणाऱ्या आणि त्यातही विसांत एकाला ऑरिसच्या रूपाने भेटणाऱ्या संसर्गावर पैसा का खर्च करावा? मर्यादित साधनांची वाटणी हाच तर अर्थशास्त्राचा विषय. हा आक्षेप त्याच शास्त्राच्या कसोटीवर तपासला, तर मात्र टिकत नाही. कारण मागितले जात आहे ते ऑरिससाठी वेगळे इस्पितळ नव्हे. हात धुण्याची सोय, रक्तसंवर्धनाची बाटली, क्लोरीनचे द्रावण, नळी काढण्याची वेळ पाळणे आणि प्रतिजैविकाचा संयम यांचा लाभ हजारांतील त्या साडेसहांनाच नव्हे, उरलेल्या सर्वांनाही मिळतो. बाळंतिणीचा ज्वर, शस्त्रक्रियेच्या जखमेतला पू, व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया हे सारे याच उपायांनी घटतात. दुर्मिळ यीस्ट हे येथे निमित्त आहे. ती व्यवस्थेचे वजन काढणारा काटा आहे. आणि काटा खोटे बोलत नाही.

म्हणून काही गोष्टी ताबडतोब करता येतील. अकलूजच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी रक्तसंवर्धनाच्या बाटल्या नियमित मिळाव्यात आणि त्या सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे त्याच दिवशी पोहोचविण्याची व्यवस्था व्हावी. या बाटल्यांना शीतपेटी लागत नाही. वेळेवर निघणारे वाहन लागते. रक्तात यीस्ट सापडल्यास ती नेमकी कोणती, हे ठरविण्यासाठी राज्यात ठरावीक संदर्भ प्रयोगशाळा असाव्यात आणि तपासणीचा भार रुग्णावर पडू नये. कॅन्डिडा ऑरिसची नोंद खाजगी-सरकारी असा भेद न करता राज्यात सक्तीची व्हावी. मात्र नोंद करणाऱ्या इस्पितळाला बदनामीची शिक्षा होणार नाही, याची हमी द्यावी. ही हमी नसेल, तर जो प्रामाणिकपणे तपासतो तोच दोषी दिसतो आणि जो तपासतच नाही तो निर्मळ ठरतो. रुग्ण एका इस्पितळातून दुसऱ्यात हलविताना त्याच्या कागदांवर ही यीस्ट आढळली होती काय, याचा स्पष्ट उल्लेख असावा. आणि एकायनोकॅन्डिन गटाच्या औषधांची सामूहिक खरेदी राज्याने करून ती विभागीय पातळीवर साठवावीत, म्हणजे २०२१ ची वणवण पुन्हा होणार नाही.

नागरिकाच्या हातीही काही आहे. रुग्णाला भेटण्यापूर्वी व भेटल्यानंतर हात धुणे, पाच जणांच्या जागी एकानेच आत जाणे, ‘ताप उतरत नाही तर रक्तसंवर्धन केले आहे काय, नळी अजून आवश्यक आहे काय’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारणे. हा अविश्वास नव्हे. जबाबदार कुटुंबाचे ते कर्तव्य आहे. आणि दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक किंवा स्टेरॉइड न आणणे, हे तर प्रत्येकाच्या अगदी हातातले.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरविले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. या दोन आकड्यांमधले अंतर कागदावर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात त्या अंतरात न मिळालेल्या बाटल्या आहेत, न धुतलेले हात आहेत, न कळलेली निदाने आहेत आणि गहाण पडलेली शेते आहेत. यीस्टला यातले काही कळत नाही. ती फक्त उघडे दार शोधते. दार कोणी उघडे ठेवले, हा प्रश्न तिला नव्हे, अंदाजपत्रक मांडणाऱ्यांना आणि ते मुकाट्याने वाचणाऱ्यांना विचारला गेला पाहिजे.